खांबावरचा माणूस

जनरेटर घ्यायचं आम्ही ऑक्टोबरातच ठरवलं होतं. सासूबाई, म्हणजे दोनाल्दा, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. आदल्या हिवाळ्यात चार दिवस वीज गेली, तेव्हा त्यांना शेजाऱ्यांकडे लाकडाच्या शेगडीजवळ नेऊन निजवावं लागलं होतं. म्हणून मी आणि माझा नवरा अलीर, दोघं शिपागन गावातल्या फेरनाँच्या यंत्रांच्या दुकानात गेलो.

फेरनाँने आधी घर गरम ठेवणारी भट्टी कसली ते विचारलं. तळघरातली, तेलाची, असं अलीरनं सांगितलं. मग तो म्हणाला की तेल जळेल, पण गरम हवा वर ढकलणारा पंखा विजेवर चालतो, आणि सुरू होताना तो तिप्पट वीज ओढतो. विहिरीचा पंपही धरला तर पाच हजार वॅटच्या खाली बघूच नका. यंत्र घरापासून वीस पावलं लांब ठेवायचं, धुराचं तोंड खिडकीकडे नको, आणि तळघरात तर देव आला तरी चालवायचं नाही. शेवटी त्याने एक लोखंडी पेटी काढली. तिला बाजूला दांडा होता. वर केला की वीज खांबावरून येणार, खाली केला की जनरेटरवरून. दोन्हीकडून एकदम कधीच नाही.

"ही ओनिलकडूनच बसवून घ्या," तो म्हणाला. ओनिल आमच्याकडचा वायरमन. "आणि अलीर, दोन्ही टोकांना प्लगचे काटे असलेली वायर घरी बनवू नकोस. त्या वायरनं बायका विधवा होतात. स्वतःच्याच नाही, दुसऱ्यांच्याही."

अलीर हसला. जनरेटर आणि पेटी दोन्ही घेतली, पण ओनिलची वेळ नाताळानंतरची मिळाली.

बर्फाचा पाऊस त्याआधीच आला.

तो पाऊस ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळायचं नाही. थेंब पडतो आणि पडल्या जागी काच होतो. फांद्या, तारा, कुंपण, सगळं काचेचं. मग रानातून एकेक झाड मोडल्याचा आवाज येतो, बंदूक उडवल्यासारखा, आणि मध्ये नुसती शांतता. रस्ता बंद, फोन कधी लागे कधी नाही. तिसऱ्या दुपारी घरात सहा अंश होतं. सासूबाई तीन रजयांखाली होत्या. ओठ निळसर. बोलायच्या थांबल्या होत्या, आणि त्या बाईचं तोंड मी कधी थांबलेलं पाहिलं नव्हतं.

अलीरनं मग तीच वायर बनवली. दोन्ही टोकांना काटे. मलाही त्या क्षणी भट्टीशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. एक टोक त्यानं बाहेर जनरेटरला लावलं, दुसरं माझ्या हातात दिलं. स्वयंपाकघरातल्या कपडे वाळवायच्या मशीनमागच्या सॉकेटमध्ये खुपसायचं आणि खिडकीवर थाप मारायची, की तो यंत्र सुरू करणार.

"मेन बंद केलास ना?" मी विचारलं.

"केलाय गं," म्हणत तो घरामागे गेला.

मी गुडघ्यांवर बसले होते, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारावर टकटक झाली. हलकीच. दार मी उघडलं नाही. मान वळवली तेव्हा तो आतच उभा होता.

तारांवर काम करणारा माणूस. हेल्मेट, कमरेला रुंद चामड्याचा पट्टा. अंगभर बर्फाचा थर, झाडांवर होता तसाच, आणि घरात येऊनही एक थेंब गळत नव्हता. केस जळल्याचा वास आला. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या हातातल्या काट्यांकडे बघत होता.

"बाई… ते लावू नका," तो म्हणाला. आवाज लांबून, उंचावरून आल्यासारखा. "मी अजून वरच आहे…"

वायर माझ्या हातून सुटली. ती उचलून दूर ढकलली आणि वर पाहिलं, तर दार बंद, फरशी कोरडी.

मी अलीरला हाकही मारली नाही. सरळ बाहेर पडले, घसरत, कुंपण धरत, रस्त्याच्या वळणापर्यंत. तिथे नारिंगी गाडी उभी होती. खांबावर एक तरुण, दोन्ही हात आमच्या घराकडे येणाऱ्या तारेवर.

मी ओरडले असेन. खालच्या मुकादमानं त्याला उतरवलं आणि माझ्याबरोबर घरी येऊन तळघरात टॉर्च मारली. मेन चालूच होता. अलीरनं गारठलेल्या बोटांनी शेजारचा खटका पाडला होता. यंत्र सुरू झालं असतं तर वीज उलटी तारेवर गेली असती, आणि रोहित्रातून हजारो व्होल्ट होऊन त्या पोराच्या हातांत.

अलीर पायरीवर बसला आणि डोकं धरून रडला.

मी मुकादमाला त्याच्या तिसऱ्या माणसाबद्दल विचारलं.

"आम्ही दोघंच आलोय."

मी चामड्याचा पट्टा सांगितला. "तसले पट्टे आता कुणी वापरत नाही," तो एवढंच म्हणाला आणि छातीवर क्रुसाची खूण केली.

त्यानंच गाडीतल्या बिनतारी फोनवरून ओनिलला निरोप धाडला. संध्याकाळी ओनिल त्यांच्याच गाडीतून आला आणि दोन तासांत पेटी बसवली. दांडा खाली केला, भट्टी घुरघुरली, जाळीतून गरम हवा आली. सासूबाईंनी पाय त्या जाळीवर धरले आणि पहिलं वाक्य बोलल्या, "फ्रिकोत मीठ कमी पडलंय का बघ, पाहुणे आलेत." तो तरुण, रेझाँ त्याचं नाव, ते फ्रिको, म्हणजे कोंबडीचा रस्सा, तीन वाट्या जेवला. आता तो दर नाताळात आपल्या मुलीला घेऊन येतो. ती पोर अंगणात धावते तेव्हा मी मनातल्या मनात चामड्याचा पट्टा घातलेल्या त्या माणसाचे आभार मानते. नाव ठाऊक नाही, म्हणून नुसतं "दादा" म्हणते. चर्चमध्ये त्याच्यासाठी मेणबत्तीही लावते.

भीती वाटत नाही, असं मात्र म्हणणार नाही.

गेल्या फेब्रुवारीत पुन्हा वीज गेली. आम्ही जनरेटरवर होतो, भट्टी रात्रंदिवस चालू, तळघर इतकं उबदार की मी स्वेटर काढून ठेवला होता. वीज आल्यावर दांडा वर करायला मी खाली गेले. दांड्यावर पांढरा बर्फ साचला होता, चार बोटांच्या आकाराचा. कुणीतरी दांडा घट्ट खाली दाबून धरला होता.

आणि बोटांची टोकं माझ्याकडे होती. भिंतीच्या आतून, तारांच्या बाजूनं, हात बाहेर काढावा तशी.