वावराचा रकाना

नगरपालिकेच्या मोजणीदाराला सगळे टेपमास्तर म्हणायचे. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. घरपट्टी बसवण्याआधी घर मोजून यायचं हे त्यांचं काम. चामड्याच्या गोल डबीतली, हातानं गुंडाळायची टेप सदा खांद्याला, म्हणून ते नाव.

पूर्वी या कामाला दोघं असत. जोडीदार टेपचं टोक घेऊन भिंतीशी बसायचा. मास्तर डबी घेऊन मागे मागे जात, समोरच्या भिंतीला टेकले की विचारत, "धरलं?" तो म्हणायचा, "धरलं." माप लिहून झालं की मास्तर म्हणत, "सोडा." वर्षानुवर्षं हे दोनच शब्द. त्यात भांडणंही होत आणि मिटतही.

मग वरून येणारं अनुदान आटलं. रस्त्यावरचे दिवे एकाआड एक लागायला लागले, दवाखाना दुपारी बंद व्हायला लागला, आणि टेप धरणाऱ्याची जागाच रद्द झाली. जोडीदार लेकीकडे राहायला निघून गेला. मास्तर भिंतीत खिळा ठोकून टेपची कडी त्यात अडकवायला शिकले. पण रिकाम्या भिंतीकडे बघून "धरलं?" म्हणायची सवय काही जाईना.

"सगळी घरं नव्यानं मोजा," साहेबांनी फर्मान काढलं. "वसुली वाढली नाही, तर पुढच्या पगाराचं मला विचारू नका."

त्यासाठी नवे अर्ज छापून आले. त्यात एक घोळ होता. खोलीपुढे 'वापर' असा रकाना हवा होता. छापखान्यात 'प' चा 'व' झाला आणि गठ्ठेच्या गठ्ठे 'वावर' छापून आले. पुन्हा छापायला पैसे कुठले?

"चालवून घ्या मास्तर," मुख्य कारकून म्हणाला. "खोली कोण वापरतं ते विचारू नका, कोण वावरतं ते विचारा."

"मग माझ्या सासूबाईंसाठी दोन रकाने लागतील," पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मास्तरही हसले.

वावर असलेल्या खोलीला पूर्ण पट्टी, नसलेल्या खोलीला निम्मी. आणि जे लिहायचं ते घरमालकासमोर मोठ्यानं वाचत लिहायचं, म्हणजे मागाहून कुणी तक्रार करायला नको. हा नियम जुना होता. मास्तरांनी तो कधी मोडला नव्हता.

शिवणवाल्या बाईंचं घर उताराच्या गल्लीत, अगदी टोकाला. पुढच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र, चिंध्यांचं गाठोडं, आणि बाईंच्या गळ्यात त्यांची स्वतःची कापडी टेप.

"या. तुमचं आमचं हत्यार एकच," बाई म्हणाल्या. पण लक्ष हातातल्या जुन्या नोटिशीकडे होतं. मागची थकबाकी भरली नाही तर जप्ती येणार होती, आणि त्या घरात जप्त करण्याजोगं एकच होतं. बाईंनी यंत्रावर हात ठेवला. "हे गेलं की मी संपले, मास्तर. मागची खोली निम्म्यात धरली, तर कसंबसं जमेल. तिथं कुणी राहत नाही."

"कोण राहायचं?"

"वन्सं. नवरा गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. एक दिवस धड पटलं नाही. पण पडदे बेतायचे असले की कापडाचं टोक त्याच धरायच्या. मी कात्री लावायची. सोडू का म्हणून तोंडानं विचारायच्या नाहीत, दोनदा ओढायच्या. अबोला असला तरी काम अडायला नको ना." बाई हसल्या. "गेल्या त्याला वर्ष झालं."

मागची खोली स्वच्छ होती. पलंगावर चादर ताणून घातलेली, उशी थोपटलेली. न राहत्या खोलीला जसा कुबट वास येतो तसा इथं नव्हता. उन्हात वाळलेल्या कापडाचा वास होता.

मास्तरांनी खिळा ठोकला, कडी अडकवली, मागे सरत गेले. पाठ भिंतीला लागली.

"धरलं?"

टेप ताठ झाली.

मास्तरांनी डबी थोडी सैल सोडली. टेप खाली झुकायला हवी होती. ती झुकली नाही. मग समोरून दोन हलके हिसके आले. एक, आणि जरा थांबून दुसरा.

मास्तर माणूस हिशेबी. खिडकी उघडी आहे, वारा असेल, असं मनाशी म्हणत त्यांनी माप उतरवलं. दारात बाई उभ्या होत्या. त्यांनी टेपकडे पाहिलं होतं की नाही, ते कळलं नाही.

"मास्तर, लिहायचं ते लिहा," बाई हळूच म्हणाल्या. "मोठ्यानं म्हणू नका, एवढंच."

"तसं चालत नाही हो बाई. नियम आहे."

बाईंनी पुढच्या खोलीकडे पाहिलं. यंत्र डोळ्यांसमोर असावं त्यांच्या. मास्तरांनी अर्ज गुडघ्यावर धरला आणि नेहमीच्या आवाजात वाचत लिहिलं, "मागची खोली. वावर नाही."

खोलीतला कापडाचा वास गेला. मास्तर टेप गुंडाळायला लागले, तर कडी खिळ्यावरून आधीच निघून जमिनीवर पडली होती.

दुसऱ्या दिवशी सुताराच्या माडीवर तेच झालं. 'धरलं?' म्हणताच टेप ताणली गेली. त्यानंतर धान्याच्या व्यापाऱ्याच्या बंद गोदामात, मग विहिरीशेजारच्या कुलूप लावलेल्या घरात. मास्तरांनी खिळे पिशवीतून काढणंच सोडून दिलं. टोक खाली टाकायचं, मागे सरायचं, विचारायचं. कोण धरतं हा प्रश्न त्यांनी स्वतःला घातला नाही. दात दुखत असला तर त्या बाजूनं माणूस चावत नाही, तसं. काम मात्र भराभर होत होतं, आणि खरं सांगायचं तर जोडीदार गेल्यापासून इतकं बरं त्यांना वाटलं नव्हतं.

एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली, ती त्यांनी बाजूला ठेवली. ओढ सगळीकडे सारखी नसायची. सुताराकडे ती वरून आली, जणू धरणारा उंच होता. गोदामात फार खालून. विहिरीशेजारच्या घरातून टेपचं टोक ओलं होऊन परत आलं.

प्रत्येक ठिकाणी त्यांनी मोठ्यानं वाचत लिहिलं, "वावर नाही." निम्म्या पट्टीवर सुटले म्हणून लोक खूश झाले. पण चार दिवसांनी सुतार रस्त्यात भेटला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "माडीवर पावलं वाजायची मास्तर, आम्ही उंदीर म्हणायचो. आता वाजत नाहीत, तर कुणालाच झोप नाही."

घरी बायकोनं वेगळंच काढलं. "आल्यावर दार लावायला इतका वेळ का लागतो हो तुम्हाला? दार धरून उभे राहता. मागून कोण यायचंय?"

"कोण येणार?" मास्तर म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःकडे लक्ष दिलं. उंबरा ओलांडून ते खरंच बाजूला झाले होते, दार धरून. आणि पहिल्यापेक्षा जास्त वेळ.

पुढच्या आठवड्यात शिवणवाल्या बाई कचेरीत आल्या. मास्तरांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. गळ्यात टेप नव्हती.

"माझा अर्ज बदलून द्या," त्या म्हणाल्या. "मागच्या खोलीला वावर आहे म्हणून लिहा."

मुख्य कारकुनानं मान वर केली. "बाई, पट्टी दुप्पट होईल त्या खोलीची. थकबाकी आहे तुमची. लोक कमी करून मागतात, तुम्ही वाढवून मागता?"

"यंत्र विकलं मी," बाई शांतपणे म्हणाल्या. "थकबाकी आत्ता भरते. हातानं शिवीन." मग मास्तरांकडे वळल्या. "एवढं मोठ्यानं 'वावर नाही' म्हणालात, ते त्यांनी ऐकलं. मानी होत्या हो त्या. नाही म्हटलेल्या घरात कशाला थांबतील? बोलवा त्यांना परत. तुमच्याच तोंडून निघायला हवं ते."

कचेरीत कुणी हसलं नाही. मास्तरांनी कोरा अर्ज घेतला. बदल करायचा तर माप पुन्हा घ्यायला हवं होतं. त्यांनी टेप खांद्याला लावली.

ऊन कलायला अजून अवकाश होता. उताराच्या गल्लीतून दोघं चालले. बाई पुढे, मास्तर मागे. बाईंनी दोनदा मागे वळून पाहिलं, पण मास्तरांच्या चेहऱ्याकडे नाही. त्यांच्या मागच्या रस्त्याकडे.

घरात शिवणयंत्राच्या जागी फरशीवर चार डाग उरले होते. मागची खोली तशीच, स्वच्छ. फक्त आता तिला कुबट वास येत होता.

मास्तर दारातून आत गेले आणि बाजूला झाले. दार धरून उभे राहिले. बाई बघत होत्या. बराच वेळ झाला, तरी हातानं दार सोडवेना.

मग ते आत आले. टोक भिंतीशी टाकलं, मागे सरले.

"धरलं?"

टेप ताठ झाली. एक हिसका, जरा थांबून दुसरा.

"वन्सं," बाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

मास्तरांनी लगेच अर्ज काढला. चूक दुरुस्त होत होती. आवाज स्वच्छ ठेवून त्यांनी वाचत लिहिलं, "मागची खोली. वावर आहे."

टेप आणखी ताणली गेली.

वरून कुणीतरी ओढली. मग फार खालून. डबी हातातून निसटेल इतकी ओढ आली. टेपच्या कडेनं पाण्याचा एक थेंब सरकत आला आणि मास्तरांच्या अंगठ्यावर थांबला.

बाईंनी पदर खाली घेतला. टेपकडे पाहिलं, मग पलंगाकडे. ताणून घातलेल्या चादरीवर ठिकठिकाणी खळगे पडत होते.

"मास्तर," त्यांनी अगदी हळू विचारलं, "किती जणांचा वावर लिहिलात?"

मास्तरांनी अर्जाकडे पाहिलं. आहे किंवा नाही, एवढंच लिहायची जागा होती. शाई वाळली होती.

"सोडा," ते म्हणाले.

टेप एकदम सुटली नाही. एकेक हात निघावा तशी ती थोडी थोडी ढिली होत आली. आणि शेवटचा हात निघायला फार वेळ लागला.