आक्कानं पसंत केलेला लॅपटॉप

“लॅपटॉप मी घेणार, कंपनी मीच ठरवणार! ह्या बारीला आक्काला इचारायचं न्हाय!”

स्वरूपनं चहाचा कप आदळला, आणि घराच्या पुढच्या सोप्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या माधवीच्या हातातलं पान फाटलं... धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी जिनं स्वतःची शाळा सातवीत सोडली, चालून आलेली स्थळं हसतमुखानं परत पाठवली, त्या बहिणीनं हे ऐकावं!

तिचा अपराध एवढाच, की पहिला लॅपटॉप तिनं पसंत केला होता. दुकानदार आपल्याच मालाचे गोडवे गाणार, हे ती जाणून होती, म्हणून निपाणीहून बस धरून ती बेळगावात खडेबाजारला गेली, आणि दुरुस्तीवाल्या आण्णाप्पाला तिनं एकच प्रश्न विचारला, “तुमच्याकडं दुरुस्तीला कुठल्या कंपनीचा सगळ्यात कमी येतोय?” त्यानं नाव सांगितलं, त्याच कंपनीचा घरी आला. आणि दोन वर्षांनी ऐन मुलाखतीत, साहेब पडद्यावर प्रश्न विचारत असताना, तापून बंद पडला! “तुझ्या पसंतीनं माझं वाटोळं केलं,” स्वरूप रागाच्या भरात बोलून गेला. पुढं दुसरी चांगली नोकरी लागली, वाटोळं काही झालं नाही. पण तो शब्द माधवीच्या काळजात रुतला तो रुतलाच. वर्ष झालं, भाऊ तिच्या शेजारी बसत नव्हता. आता घरूनच काम करायचं होतं, म्हणून नवा लॅपटॉप हवा होता.

“नव्या वस्तूला पयलं कुंकू घरच्या लेकीचं,” त्यांची आई नागुबाई चुलीपुढून कडाडली. “आक्काला संगट ने, न्हायतर जाऊ नगंस!”

आईपुढं कुणाचं काय चालणार? जुना लॅपटॉप आण्णाप्पाकडं मोडीत घालायला घेऊन दोघं बेळगावला निघाली. बसमध्ये स्वरूप खिडकीबाहेर बघत राहिला, माधवी त्याच्याकडं.

आण्णाप्पानं जुना लॅपटॉप पालथा घालून उघडला, आतल्या पंख्यावर फुंकर मारली आणि लागोपाठ चार शिंका दिल्या! दुकानभर तंबाखूचा वास सुटला.

“कंपनीवर खापर फोडू नका,” नाक पुसत तो म्हणाला. “मशीन लई चांगलं हाय. पंख्यानं नुसती तंबाखूची भुकटी वडलीया! सुपाशेजारी ठेवत हुतासा काय?”

माधवीचा चेहरा पांढराफटक पडला. पसंती खरी ठरली याचा आनंदही तिला सुचेना...

“माझ्याच तंबाखूनं रं!” तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. “उद्यापास्नं मी सूप घिऊन परसात बसते, तुझ्या वाऱ्यालाबी येत न्हाय!”

स्वरूपला सगळं आठवलं. टेबलाशी बस, टेबलाशी बस, असं तिनं शंभरदा सांगितलं असेल! पण पान कातरणाऱ्या तिच्या कात्रीचा आवाज कानावर आल्याशिवाय त्याचा पाढा पाठ झाला नव्हता, की कॉलेजचा अभ्यास. सुपाशेजारी तोच येऊन बसे, आपल्या पायांनी.

“आक्का...” त्यानं भर दुकानात तिचे पाय धरले. “तुझी पसंती बरुबर हुती गं. माझी जीभ चुकली!”

“ऊठ रं खुळ्या, माणसं बघत्यात,” ती म्हणाली, पण तिचा हात त्याच्या केसांत होता.

“घ्या त्याच कंपनीचा,” आण्णाप्पा गहिवर लपवत म्हणाला, “फकस्त सुपापास्नं लांब ठेवा.”

“लांब न्हाय जमायचं,” स्वरूप डोळे पुसत म्हणाला. “आक्काच्या शेजारी बसल्याबिगार माझं डोकंच चालत न्हाय. ज्याची पाठ चटकन उघडती, असला कुठला ते सांगा. दर चार म्हैन्यांनी साफ कराय आणतो.”

संध्याकाळी सोप्यात माधवीनं नव्या लॅपटॉपच्या झाकणाला कुंकू लावलं. मग सूप उचलून ती हातभर लांब जाऊन बसली. लॅपटॉप उचलून स्वरूप तिच्या शेजारी जाऊन बसला.