हिरव्या रंगाखालचं लाकूड

बँकेच्या शाखाधिकारी बाईंच्या दालनाबाहेर एकच बाक होतं आणि त्यावर जागा जेमतेम दोघांची. संघप्रिया आधीच येऊन बसली होती. मांडीवर फाईल, दोन्ही हात फाईलवर स्थिर. पायाचा अंगठा मात्र चपलेत सारखा चाळवत होता. शेजारी येऊन बसलेल्या तरुणाच्या बाहीला सागाचा भुसा लागलेला होता. तो वास तिच्या ओळखीचा होता. मान न वळवताही तिला त्याची थोडी सोबत वाटली.

"लई येळ लागतोय की," तो म्हणाला. "तुमचंबी चेकचंच काय?"

"काहीसं तसंच."

"माझा चेक माघारी आलाय वो. उद्यमनगरात एक पॅटर्नवाल्या बाई हायत. बाबा म्हणायचे, सोन्यासारखं गिऱ्हाईक. मी वखार हातात घेतली आणि त्यांचा पहिलाच चेक बघा... बाई भेटल्या की इचारणार हाय, बाबांवर एवढी माया, मग माझ्यावरच का राग?"

"विचारा."

"कुणाला?"

"मलाच. ते सोनं मीच."

तो ताडकन उठला, पुन्हा बसला. कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. "म्हंजे... नमस्कार. मी केतन. बाबासोंचा—"

"कळलं. बाबांचे गुडघे कसे आहेत? ऑपरेशन नीट झालं ना?"

ज्याचा चेक परत गेला आहे त्याच्या वडिलांच्या गुडघ्यांची चौकशी करणारी देणेकरीण केतननं प्रथमच पाहिली होती. त्याचं भांडण तिथेच संपलं.

वस्तुस्थिती अशी होती. कारखान्यात पंपाचं ओतकाम करायचं, तर आधी वाळूत ठसा उमटवण्यासाठी त्याच आकाराचा लाकडी नमुना लागतो. तो नमुना म्हणजे पॅटर्न. डिप्लोमा झाल्यावर संघप्रियानं स्वतःच्या हिमतीवर पॅटर्नचं छोटं वर्कशॉप काढलं होतं. विकत घेतलेल्या सागवानाच्या तारणावर बँकेनं तिला ओव्हरड्राफ्ट दिला होता. खात्यात शिल्लक नसली तरी ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे उचलता येत. बँकेनं तो अचानक काढून घेतला आणि केतनला दिलेला चेक वटलाच नाही. हातात एका मोठ्या पंपाचं काम होतं. ते निसटलं असतं, तर वर्कशॉपला कुलूप लावून पुण्यात नोकरी धरण्यावाचून तिच्यापुढे मार्ग नव्हता.

आत शाखाधिकारी बाईंनी एवढंच सांगितलं, "लेखी अर्ज द्या. कारण कळवू."

बाहेर चहाच्या गाड्यावर केतननं विचारलं, "आता काय करणार?"

"कारण लेखी मागितलं आहे. ज्यांना चेक दिले आहेत त्यांना आज स्वतः जाऊन सांगायचं. त्यांना बँकेकडून कळू नये. मग माझी येणी गोळा करायची. नवीन उधारी करायची नाही."

"एवढं शांतपणे कसं जमतंय वो? मी आत टेबलावर डोकं आपटलं असतं."

"टेबल बँकेचं आहे. भरपाई मागतील."

तो इतका मोठ्यानं हसला की गाड्यावरची माणसं वळून पाहू लागली. तिनं पदर सारखा करण्याच्या निमित्तानं हसू लपवलं...

त्यानंतर केतनला उद्यमनगरात वारंवार कामं निघू लागली. कधी पट्टा करवतीची धार, कधी नुसतंच "इथनंच चाललो होतो". उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला की त्याला बरं वाटे. तेवढाच थांबायला बहाणा. ती रंधा मारत असे, पातळ साली वेटोळे घेत खाली पडत, आणि तो एखादी साल उचलून बोटाभोवती गुंडाळत बसे.

एके दिवशी तो चाचरत म्हणाला, "चेकचं ऱ्हाऊ द्या. वर आणखी काय लागलं, तर मी—"

रंधा थांबला.

"केतनशेठ, पैसे उसने मिळतात. पण एकदा घेतले की देणारा माणूस डोळ्यांना नीट दिसत नाही. त्याच्या जागी रक्कमच दिसते. मला तुम्ही... नीट दिसायला हवे आहात."

केतनच्या बोटावरची साल तुटली. 

पुढच्या आठवड्यात बँकेचा फोन आला. कारण कळताच संघप्रिया थेट टिंबर मार्केटातल्या वखारीत पोहोचली. रागानं तिचा आवाज उलट अधिकच सौम्य झाला होता.

"माझं लाकूड तुमच्याकडे वाळत ठेवलं आहे, हे मी बँकेला लिहून दिलं होतं. त्यांचे अधिकारी इथं येऊन गेले. माझ्या नावाची एकही फळी त्यांना सापडली नाही."

"असं कसं? हाय की! बाबा, यांचं लाकूड कंच्या थप्पीत?"

काठी टेकत बाबासो बाहेर आले आणि थप्प्यांकडे पाहतच राहिले. प्रत्येक फळीचं टोक हिरवंगार होतं.

"अरं, टोकांवर गेरूनं गिऱ्हाइकांची नावं लिवल्याली व्हती! ह्यो रंग कुणी फासला?"

"वाळताना टोकं फुटू नयेत म्हणून... मीच," केतन म्हणाला. "तुम्ही दवाखान्यात होता तवा."

"शास्त्र बराबर हाय तुझं. पर रंगवायच्या आधी वाचावं माणसानं!"

केतनचा चेहरा उतरला, तो मात्र दुसऱ्याच विचारानं. त्याच अधिकाऱ्यांनी त्याच फेरीत सगळ्या हिरव्या थप्प्या वखारीच्याच मालकीच्या धरल्या होत्या. त्यावरच त्याचं स्वतःचं कर्ज वाढवून मिळालं होतं आणि त्या भरवशावर त्यानं नव्या करवत यंत्राला ॲडव्हान्स दिला होता. खरं लिहून द्यायचं, तर तिचं लाकूड तिला मिळणार होतं आणि त्याचं यंत्र जाणार होतं.

त्याचा चेहरा संघप्रियानं वाचला. "मी काही मागणार नाही," ती म्हणाली. "लाकूड कुणाचं, हे वखारीनं सांगायचं असतं." बाबासोंशी दाराजवळ हळू आवाजात दोन शब्द बोलून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बँक उघडल्यावर थोड्याच वेळात ती पोहोचली. दालनातून केतन बाहेर येत होता. शाखाधिकारी बाईंनी तिला आत बोलावलं. वखारीचं पत्र मिळालं होतं. नव्यानं तपासणी करून ओव्हरड्राफ्ट पूर्ववत होणार होता, तोवर पंपाच्या कामापुरती रक्कम उचलायला परवानगी होती.

ती बाहेर आली. तो पायरीवर उभा होता, उन्हात, हात खिशात घालून.

"यंत्र?"

"गेलं. ॲडव्हान्सबी गेल्यातच जमा."

"माझ्यासाठी केलंत?"

तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं. पण श्वास रोखून धरला होता. तो "हो" म्हणाला असता, तर तिनं मनापासून आभार मानले असते... आणि उद्यमनगरची वाट धरली असती.

केतननं बराच विचार केला. "न्हाय. लाकूड तुमचं होतं म्हणून केलं. तुमच्या जागी कुरुंदवाडचा एखादा आप्पा असता, तरी केलं असतं की." तो थांबला. "फक्त... त्या आप्पासाठी रात्रभर झोप उडाली नसती."

संघप्रियानं रोखलेला श्वास सोडला. मग पायरी उतरून ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. बाकावर बसली होती त्याहूनही जवळ.

"आज आमच्या घरी जेवायला या. आईनं बोलावलं आहे, असं मी आईला सांगणार आहे."

"आणि... कोण म्हणून येऊ?"

"ते जेवताना ठरवू. दिवस मावळायच्या आत मात्र या. तुम्हा जैनांकडे अंधार पडल्यावर जेवत नाहीत."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बाबांनी. काल दाराजवळ विचारून घेतलं."

"काल? म्हंजे मी पत्र लिहायच्या आधी?" त्याचे डोळे विस्फारले. "आणि मी लिहिलंच नसतं तर?"

"लिहिणार होता. तुमच्या चेहऱ्यावर कुणी रंग फासलेला नाही, केतन."

'शेठ' गळून पडल्याचं दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. ती रस्त्याकडे पाहू लागली. त्यानं मान वर करून आभाळाकडे पाहिलं.

"थंडीचे दिवस हायत," तो गंभीरपणे म्हणाला. "सूर्य लवकर मावळतोय. मग निघायलाच पाहिजे की."

सकाळचे अकरा वाजले होते.