मागच्या डाव्या चाकावरचा भार

तो दिवस आपल्याला नीट आठवतो, असं दिनकरराव छातीठोकपणे म्हणत नाहीत. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाच्या आठवणीवर किती विसंबायचं? कूलर घरघरत होता की वीज गेली होती, हेसुद्धा ते दोनदा दोन तऱ्हांनी सांगतात. पण पडद्यावरचा आकडा मात्र कधी बदलत नाहीत. चाळीस किलो.

२०१२ चा जून होता. रेल्वेच्या डब्यांच्या स्प्रिंगा तपासण्यात उभा जन्म गेलेला. निवृत्तीनंतरही त्यांनी उत्तरेतल्या आपल्या कचेरीचा, मानक नगरचा, शेजार सोडला नव्हता. मुलगी स्वप्ना बंगळूरला कॉम्प्युटरवरचे गाड्यांच्या शर्यतीचे खेळ बनवायची. ती सुट्टीवर आली होती.

"बाबा, लोक म्हणतात आमच्या गाड्या पाण्यावर तरंगल्यासारख्या चालतात. बघा ना जरा."

त्यांनी बघितलं. "तरंगणारच. वळणावर वजन बाहेरच्या चाकांवर जायला हवं, ब्रेक दाबला की नाक खाली जायला हवं. तुझी गाडी नुसतं चित्र आहे."

"अच्छा? मग तुम्हीच बनवा एक. पण रेल का डिब्बा मत बना देना!"

आठ दिवस ते कागदावर आकडे मांडत बसले. गाडी शर्यतीची नव्हती. त्यांचीच जुनी, पांढरी, छोटी गाडी होती ती. रस्ता मलिहाबादहून येणारा, आणि त्यावरचं पुलियाजवळचं, छोट्या पुलापाशी असलेलं, वळण. स्वप्ना काय ते समजली. तिनं तो रस्ता पडद्यावर उभा केला.

आठ वर्षांपूर्वी त्याच वळणावर, दशहरी आंबे घेऊन परतताना, त्यांची गाडी झाडावर आदळली होती. गाडीत दोघंच. दिनकररावांचं मनगट मोडलं. शेजारी बसलेली त्यांची बायको, अरुणा, गेली. आपण ब्रेक उशिरा दाबला का? स्वप्नानं हे कधीच विचारलं नव्हतं. ते न विचारणंच त्यांना रोज ऐकू यायचं.

भर दुपारी जेवणाच्या टेबलाला खेळातलं स्टिअरिंग बसवलं. पुढे स्वतःचं वजन, शेजारी अरुणाचं, मागे आंब्यांच्या पेट्या. वेग तोच. ब्रेक त्यांनी मुद्दाम उशिरा दाबला, मनातल्या सगळ्यात वाईट शंकेइतका उशिरा. गाडी कलली, नाक दबलं... आणि वळण घेऊन सरळ निघून गेली.

दहा वेळा तेच.

"निघाली की हो गाडी..." स्वप्नानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, तुमची चूक नव्हती."

पण मनासारखं उत्तर आलं की ते पुन्हा तपासायचं, ही जन्माची खोड. कोपऱ्यात चारही चाकांवरचा भार किलोत दाखवणाऱ्या चार पट्ट्या होत्या. मागची डावी उंच होती.

"मागे डावीकडे काय ठेवलंयस?"

"कुछ नहीं. पेट्या मधोमध आहेत."

"चाळीस किलो जास्त आहेत."

"बग असेल, बाबा."

तिनं पेट्या काढल्या. मग अरुणाचं वजन पुसलं. तेव्हा तिचं बोट क्षणभर अडलं. चाळीस किलो तिथंच राहिले.

"एकदा परत," ते म्हणाले.

या वेळी गाडी हळू नेली. पुलिया जवळ आली तशी मागची डावी पट्टी उतरू लागली. पुढच्या दोन्ही चढू लागल्या.

"बाबा... ब्रेक दाबलात?"

"नाही."

असे आलेख त्यांनी तीस वर्षं वाचले होते. मागे बसलेलं कुणी पुढच्या दोन सीटांच्या मधून वाकलं, की वजन असंच सरकतं.

आणि त्यांच्या हातातलं स्टिअरिंग डावीकडे वळलं. हिसका नव्हता. लहान मुलाच्या हातातून एखादी वस्तू अलगद काढून घ्यावी, तसं.

गाडी झाडावर आदळली. खोलीत पिकल्या दशहरीचा वास दाटला होता. त्या घरात आठ वर्षांत आंबा आला नव्हता.

स्वप्नानं ती गाडी त्याच दिवशी पुसून टाकली. बिघाडच होता, असं दोघांनी ठरवलं.

२०१९ मध्ये दिनकररावांनी अरुणाची पर्स उघडली. इस्पितळानं परत दिली होती. तेव्हापासून तशीच पडून होती. आत मलिहाबादच्या धर्मकाट्याची पावती सापडली. मग आठवलं, की आंबे भरल्यावर हौसेनं त्यांनी ट्रक तोलायच्या काट्यावर गाडी चढवली होती आणि अरुणा हसली होती, "तुम्हाला बाजारातही प्रयोगशाळा लागते!"

गाडी, ते दोघं आणि पेट्या धरून त्यांनी तीनदा हिशेब केला. चाळीस किलो जास्त. काटा जुना असेल, इतका फरक पडतोच, असं स्वतःला समजावत त्यांनी पावती घडी घालायला घेतली. तेव्हा खाली काट्यावरच्या मुनशीनं गाडीतली माणसं मोजून निळ्या शाईत लिहिलेली ओळ दिसली.

सवारी : तीन.