वर्तुळात ताई बसेना

डायलिसिसची खोली शोधताना मी चुकीचं दार ढकललं आणि एका माणसाच्या अंगावर त्याचाच चहा सांडवला.

"राहू द्या," तो म्हणाला. "शर्ट नाहीतरी याच रंगाचा होता."

बाहेर पावसाची पिरपिर. मला हसू येण्यासारखं काही नव्हतं. ताईच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, माझी तिला जुळत नव्हती, आणि भिंतीवर लिहिलेलं, 'आशा ठेवा'. लिहिणाऱ्याला एकदा त्या सुईखाली झोपवायला हवं!

किडन्या जुळवून द्यायचं काम त्याचं. त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठिपके होते. ठिपक्यांतून बाण. ताईचं सांगून मी विचारलं, हे काय.

"या तुमच्यासारख्या न जुळणाऱ्या जोड्या. एकीतला देणारा दुसरीतल्या पेशंटला किडनी देतो, दुसरीतला तिसरीला, तिसरीतला फिरून पहिलीला. वर्तुळ झालं पाहिजे. तीन जोड्यांपेक्षा मोठं नाही, कारण ऑपरेशनं एकदमच करावी लागतात. आपल्या माणसाला मिळाली की लोक हात आखडतात."

"मग कॉम्प्युटरला सांगा, सगळं तपास म्हणून."

"एक माणूस दोन वर्तुळांत चालत नाही ना. कुठली घ्यायची, कुठली सोडायची... सगळं तपासत बसलो तर आपण दोघं म्हातारे होऊ."

"आपण दोघं?"

त्याचे कान लाल झाले.

"म्हणून... जी वाट हातातल्यापेक्षा चांगलं उत्तर देऊच शकत नाही, तिकडे मी फिरकतच नाही."

"आमच्या आईने स्थळं अशी बघितली असती तर!"

मग ताईला सुई टोचली की मी त्याच्या खोलीत. 'अहो' कधी गळून पडलं, कळलं नाही.

"काय गं," ताई म्हणायची, "पेशंट मी आणि झोप तुझी उडालीय?"

आमची जोडीही यादीत गेली. जुळवणीच्या निकालाच्या दिवशी तो खिडकीशी उभा होता.

"दोन उत्तरं आलीत. दोन्हींत वाचणारी माणसं तेवढीच. एकात ताई आहे. दुसऱ्यात नाही."

"मग पहिलं घे!"

"नियम आहे. चिठ्ठी टाकायची."

"नियम गेला खड्ड्यात. एक बटण दाबायचंय तुला... माझ्यासाठी."

तो हळूच म्हणाला, "म्हणूनच सकाळी डॉक्टरबाईंना सांगून आलो. आज मी हात लावणार नाही."

"काय सांगितलंस?"

"की... यादीतल्या एका देणारीवर माझं प्रेम आहे."

"मला सांगायच्या आधी बाईंना?"

"कारण विचारलं गं त्यांनी."

चिठ्ठी बाईंनी काढली. निघालं दुसरं उत्तर. ताई राहून गेली.

खोटं कशाला बोलू? त्याने लबाडी केली असती तर मी नाचले असते. मागे पडली असती ती कुणाची कोण, हे विचारलंही नसतं. मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

पुढच्या डायलिसिसला तो स्वतःच येऊन ताईच्या पायथ्याशी उभा राहिला.

"मला लटकवणारा तो हाच का?" ताईने विचारलं.

"हो," तोच म्हणाला.

"मग बस की. उभ्याने काय बघतोस?"

तो माझ्या शेजारी बसला. मी तोंड फिरवलं.

"पुढच्या महिन्यात परत जुळवणार आहेत."

"कोण? तू?"

"नाही. मला आता त्याला हात लावता येणार नाही."

"कधीपर्यंत?"

"मी तुझा आहे तोपर्यंत."

मशीन घरघरत होतं. ताईचे गार पडलेले पाय मी एका हाताने चोळत होते. दुसरा हात त्याने धरला... आणि राग तसाच होता, तरी मी तो सोडवून घेतला नाही.