एका कमेंटचे अकरा मेल

कँटीनमधला शेवटचा ट्रे दोघांनी एकदमच धरला आणि दोघांपैकी कुणीच सोडेना, अशी त्यांची ओळख झाली. शेवटी एकाच ट्रेवर दोन ताटल्या ठेवून ते जेवले, आणि पुढचे दोन महिने रोज एकत्रच जेवत राहिले. तो ब्लॉगच्या साइटचा प्रोग्रॅमर, ती तिथलीच तपासनीस. त्याच्या कामातल्या चुका काढायच्या, हाच तिचा पगारी उद्योग. ऑफिसात सगळे त्याला स्वल्पविराम म्हणत, कारण दोन ओळी लिहायलाही त्याला अर्धा तास लागे. तिला तो आवडायचा. भलताच आवडायचा. पण हा पठ्ठ्या विषय काढेल तर शपथ.

त्यात सोमवारी ती तक्रार आली.

पावांवर ब्लॉग लिहिणाऱ्या एका बेकरीवालीने कळवलं होतं – एकाच माणसाच्या एकाच कमेंटचे मला अकरा मेल आले. मेलही सोबत जोडले होते. तो ब्लॉग तपासनीसबाई स्वतः रोज वाचायच्या, कमेंटही करायच्या. घोळ साधा होता: कमेंटमध्ये दुरुस्ती केली की नवी कमेंट आल्यासारखा पुन्हा मेल जात होता. तिने कमेंट करणाऱ्याचं नाव पाहिलं... आणि तिचा चहा तिथेच गार झाला. स्वल्पविराम!

तिने अकराही मेल वाचले. कामच होतं ते, असं स्वतःला बजावत वाचले. पहिल्यात 'छान लिहिलंय'. चौथ्यात 'वाचताना भूक लागली'. अकराव्यात 'कुणाच्या तरी शेजारी बसून गरम पाव खावासा वाटला'. कुणाच्या तरी म्हणे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही बया पीठ काय मळते आणि हा विरघळतो काय. आणि मला दोन महिन्यांत एक धड वाक्य नाही...

ती तडक त्याच्या टेबलापाशी गेली.

"तुझ्या कृपेने एका बाईंचा इनबॉक्स भरलाय."

त्याचे कान लाल झाले. "अकरा गेले? मला वाटलं, दुरुस्ती गुपचूप होते."

"स्वतःचाच प्रोग्रॅम ठाऊक नाही? कमाल आहे."

"तू... वाचलेस सगळे?"

"मी कशाला वाचू? कमेंट आली की मेल दहा मिनिटं थांबव, आणि शेवटची दुरुस्ती तेवढी पाठव."

दुपारी कामाच्या यादीत त्याने नोंद टाकली, 'दुरुस्त केलं.' या नोंदींखालच्या कमेंटही साइटच्याच प्रोग्रॅमवर चालत, आणि त्यांचा मेल नोंद लिहिणाऱ्याला जाई. तिने खाली फणकाऱ्याने लिहिलं, 'बेकरीवालीला अकरा वेळा, मला एकदाही नाही.' लिहिलं आणि जीभ चावली. खोडून 'मला काय त्याचं' केलं. तेही खोडून 'तपासते' केलं. हुश्श. आता फक्त शेवटचंच जाईल.

पाच मिनिटांत तो समोर उभा.

"मला तीन मेल आले," तो हळूच म्हणाला. "दुरुस्ती अजून चाचणीच्या साइटवरच आहे. इकडे उद्या येणार."

तपासनीस असून एवढं लक्षात येऊ नये? तिला वाटलं, टेबलाखाली शिरावं.

"पहिला मेल खरा?"

"खरा," ती म्हणाली. लपवण्यात आता काय अर्थ होता? "जळले मी. तिच्यावर, तुझ्यावर, तिच्या त्या पावांवरसुद्धा."

त्याने खुर्ची ओढली, तिच्या स्क्रीनवर बेकरीवालीचं पान उघडलं. "माझी कमेंट कुणाच्या खाली आहे, बघ."

स्वतःची कमेंट टाकल्यावर ती त्या पानावर पुन्हा फिरकलीच नव्हती, आणि आज नुसते मेलच वाचले होते. त्याने उत्तर दिलं होतं ते... तिच्याच कमेंटला.

"तू वाचशील म्हणून अकरा वेळा लिहिली," तो म्हणाला. "पण मेल जातो लेखिकेला. ज्याला उत्तर दिलं, त्याला जातच नाही."

"हा दोष कधी नोंदवणार होतास?"

"धीर झाला की..."

"आता तोंडी सांग. खोडाखोड चालणार नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"तू मला आवडतेस," तो म्हणाला, आणि पुढे काहीतरी जोडायला त्याने तोंड उघडलं.

"पुरे," ती म्हणाली, आणि त्याचा हात हातात घेतला. "मलाही."