फुगलेली फळी

"तीन मिलिमीटर!" मोजपट्टी ओरडला. "कालपेक्षा फळी तीन मिलिमीटरने रुंद झालीय!"

"फळ्या वाढत नसतात रे, तूच वाढतोस!" भोंगा खिदळला.

सुट्टीत तिघं भावंडं आत्याच्या पियानो-दुरुस्तीच्या कारखान्यात आली होती. ताई, तिचा धाकटा भाऊ भोंगा आणि दिसेल ते मोजणारा त्यांचा चुलतभाऊ मोजपट्टी. टेबलावर एका वृद्ध संगीतशिक्षिकेच्या भल्यामोठ्या पियानोची नवी फळी होती. तारांचा आवाज घुमतो तो या फळीमुळे. तीन दिवस गरम खोलीत सुकवून ती आज सकाळीच बाहेर काढली होती. काल आत्याबरोबर आत जाऊन मोजपट्टीने ती मोजलीही होती.

"आत्या, सुकलं की लाकूड आकसायला हवं ना?" ताईने विचारलं.

"आकसतंच!" आत्या सरस गरम करत होती. "आकसलेलं असतानाच खालून आडव्या पट्ट्या चिकटवायच्या. मग बाहेरच्या हवेत फळी पसरू बघते, पट्ट्या तिला धरून ठेवतात आणि मधोमध हलका फुगवटा येतो. त्यानेच आवाज खुलतो."

"आणि आधीच ओलसर असेल तर?"

"तर सपाट राहील, पुढे तडकेल. असं लाकूड पुन्हा मिळायला वर्ष लागेल. बाईंनी तोवर काय वाजवायचं? पण ही खडखडीत सुकलीय! याने तिरकं मोजलं असेल. अर्ध्या तासात चिकटवते. पळा!"

"मी तिरकं मोजत नाही!" मोजपट्टी फणफणला.

बाहेर येताच भोंगा थबकला. "ए, गरम खोलीच्या काचेला घाम फुटलाय!"

कोरड्या खोलीत वाफ? पण दारातच कारखान्यातले पॉलिशकाका स्टूल टाकून बसले होते. "मुलांनी आत जायचं नाही हं!"

ताईने भोंग्याला कोपराने ढोसलं.

"काका, तुमच्या पॉलिशला एवढी चकाकी येते तरी कशी?" भोंग्याने विचारलं.

"आत्ता कसं विचारलंस!" काका खुलले. भोंग्याला खिडकीपाशी नेऊन लाखेचे हात किती, फडकं कुठलं, सगळं सांगू लागले. तेवढ्यात बाकीचे दोघं आत सटकले.

भट्टीमागे दोरी, तिच्यावर पाच एप्रन, दोन चादरी, एक जाड पडदा! सगळं ओलं!

ताई पडदा ओढून धावली. आत्याने ब्रश सरसात बुडवला होता.

"आत्या, थांब!"

पडदा अजून ओलाच होता. ब्रश हवेतच राहिला. "हा कुणाचा?"

"माझा," मागून आलेले काका पुटपुटले. "काल रात्री धुतले सगळे. म्हटलं, ऊब फुकट जातेय..."

"तीन दिवस सुकवलेल्या लाकडाला तुम्ही पुन्हा पाणी पाजलंत!"

आत्याने स्वतः फळी मोजली. दोनदा. मग तिने ब्रश खाली ठेवला. "चिकटवली असती तर संपलंच होतं सगळं!"

फळी परत गरम खोलीत गेली. काकांनी दोरी सोडली, कपडे गच्चीवर नेले. चार दिवसांनी पट्ट्या चिकटल्या. पुढच्या आठवड्यात आत्याने खालून दोरा ताणला, तर मधोमध दोरा आणि फळीत फट दिसली. फुगवटा आला होता! तिने केवढा तरी मोठा श्वास सोडला.

संगीतशिक्षिका बघायला आल्या, तेव्हा आत्याने तिघांना पुढे ढकललं. "बाई, तुमचा पियानो यांनी वाचवला. मोजायला हवं होतं मी, मोजलं यांनी!"

"शाब्बास रे पोरांनो!" बाई म्हणाल्या. त्यांनी वाकून फळीवर बोटाने टकटक केलं. नाद खोलीभर घुमला.

बाई हसल्या. "बोलतेय की ही!"